रॉ ब्लॅक मेटल : अल्बम, त्यांचा आवाज आणि त्यामागची कारणे

उत्तरवारा

ब्लॅक मेटल या हेवी मेटलच्या कर्कश, काळोख्या शाखेचा विषय निघाला की नॉर्वेतील चर्चची जळिते आणि चेहऱ्याला फासलेला पांढरा-काळा रंग यांवरच बोलणे होते आणि संगीत बाजूला राहते. त्यातही 'रॉ', म्हणजे कच्च्या, खरखरीत आवाजाचे, म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अल्बमांची तर "ध्वनिमुद्रण वाईट आहे, पण चाहत्यांना तेच आवडते" एवढ्या एका वाक्यात बोळवण केली जाते. माझे म्हणणे असे, की हे सगळे अल्बम एकाच प्रकारे खराब वाजत नाहीत. प्रत्येकाची खरखर निराळी आणि तिची कारणेही निराळी. ती कारणे समजून घेतली तर एखादा अल्बम तीस वर्षे का टिकला आणि त्याच्यासारखे शेकडो का विसरले गेले, याचा बराचसा उलगडा होतो.

सुरुवात स्टॉकहोमपासून करावी लागते. बॅथरी या बँडचा पहिला अल्बम १९८४ साली हेवनशोर नावाच्या स्टुडिओत मुद्रित झाला. नाव भारदस्त असले तरी तो स्टुडिओ म्हणजे मुळात एक गॅरेज होते आणि त्यात जुजबी सामग्री मांडलेली होती. बँडचा सूत्रधार क्वॉर्थन तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता. हा अल्बम रॉ आहे, कारण दुसरे काही परवडणारे नव्हते. मात्र 'अंडर द साइन ऑफ द ब्लॅक मार्क' (१९८७) ऐकताना चित्र बदललेले दिसते. तिथे गाणे संथ झाल्यावर गिटार आणि ड्रम दोन्ही रिव्हर्बच्या, म्हणजे घुमाऱ्याच्या, इतके आत ढकललेले आहेत, की ती मोठी, ओसाड जागा हाच गाण्याचा आशय होऊन बसतो. आधी नाइलाजाने मिळालेला आवाज क्वॉर्थनने तीन वर्षांत आपल्या कामाला जुंपला, असे मला वाटते.

डार्कथ्रोनची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. कोल्बोट्न या ओस्लोजवळच्या गावातील या बँडचा पहिला अल्बम, 'सोलसाइड जर्नी' (१९९१), स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्ग याच्या हाताखाली मुद्रित झाला. डेथ मेटल या जड, खर्जातल्या मेटलच्या प्रकारासाठी त्या काळी त्याहून नावाजलेली जागा सापडणे कठीण होते. म्हणजेच भरीव, नीटस आवाज कसा असतो हे त्यांना पुरते ठाऊक होते. पुढच्याच वर्षी त्यांनी 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' आणला, तेव्हा डेथ मेटलची अपेक्षा धरून बसलेल्या पीसव्हिल या इंग्लिश कंपनीला तो आवाज रुचला नाही आणि पुन्हा मिक्स करण्याची भाषा सुरू झाली. बँडने सरळ सांगितले, की तसे असेल तर आम्ही हा अल्बम मेहेम या बँडचा गिटारवादक युरॉनिमस याच्या डेथलाइक सायलेन्स या कंपनीकडे नेतो. कंपनी नमली. आज हा अल्बम नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रदर्शनात मांडलेला आहे, हा त्या वादाचा पुढचा अध्याय.

पण या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा अल्बम म्हणजे फेब्रुवारी १९९४ मध्ये आलेला 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'. बँडचा ड्रमवादक फेनरिझ याने घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, सगळी वाद्ये एकट्याने वाजवून तो मुद्रित केला आणि त्याचा जोडीदार नॉक्टर्नो कल्टो याने फक्त गायन केले. शीर्षकगीत सावकाश ऐकावे. ड्रमचा एकच ठेका सुरू होतो आणि सहा मिनिटे तो जवळजवळ हलत नाही. रोल नाही, जोर कमी-जास्त करणे नाही, गाण्याचा पुढचा भाग येणार असल्याची सूचनाही नाही. गिटार इतकी पातळ आहे की रिफचे, म्हणजे फिरून फिरून येणाऱ्या गिटारच्या तुकड्याचे, एकेक स्वर वेगळे काढता येत नाहीत. कॉर्डमधला एखादाच स्वर खाली उतरतो आणि परत येतो, एवढेच जाणवत राहते. हेच गाणे सनलाइटच्या भरदार आवाजात वाजवले असते तर प्रत्येक फटका स्वतंत्र ऐकू आला असता, आणि फटका ऐकू आला की वेग ऐकू येतो. इथे वेग एवढा सपाट झालेला आहे, की अतिशय जलद वाजणारे गाणे जागच्या जागी थांबल्यासारखे भासते. हा परिणाम त्या यंत्रावाचून साधला नसता.

व्हर्ग विकर्नेस या एकट्याच्या बर्झम या बँडच्या 'फिलोसोफेम'ची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचे मुद्रण मार्च १९९३ मधले असले तरी तो १९९६ मध्ये बाहेर आला, कारण मधल्या काळात व्हर्ग विकर्नेस युरॉनिमसच्या खुनाबद्दल तुरुंगात गेला होता. व्हर्गच्या स्वतःच्या सांगण्यानुसार गिटारसाठी नेहमीचा अॅम्प न वापरता भावाच्या घरगुती स्टिरिओचा अॅम्प आणि जुने फझ पेडल वापरले गेले, आणि गायनासाठी त्याने तंत्रज्ञाकडे सर्वांत वाईट मायक्रोफोन मागितला, तेव्हा हातात पडला तो एक हेडसेट. गंमत अशी, की या अल्बमात ड्रम आणि सिंथेसायझर बऱ्यापैकी स्वच्छ आहेत. बिघडवले आहे ते फक्त गिटारला आणि आवाजाला, म्हणजे इथे खराबीसुद्धा मोजून-मापून, जागा बघून घातलेली आहे.

आणि चौथा प्रकार म्हणजे फ्रान्समधील ब्रेस्त शहराच्या परिसरातील ले लेजियों न्वार ही मंडळी : म्युटिलेशन, व्लाद टेपेश, बेलकेत्र, टोर्गाइस्ट. कॅसेटच्या मोजक्या प्रती काढून त्या आपापसांतच वाटायच्या, असा त्यांचा खाक्या होता. म्युटिलेशनच्या 'व्हॅम्पायर्स ऑफ ब्लॅक इम्पीरियल ब्लड' (१९९५) मध्ये गिटार सुरात लावण्याचीही फिकीर केलेली दिसत नाही, आणि तरीही, किंवा म्हणूनच, त्यातल्या चाली मनातून जात नाहीत.

प्रश्न असा, की तुम्ही ऐकलेल्या अल्बमांपैकी स्वच्छ मुद्रण केले असते तर मोडलेच असते, असे कोणते? आणि केवळ सवयीने ज्यांना आपण 'रॉ' म्हणून माफ करतो, असे कोणते?

चारपट्टी

उत्तम धागा. चार ट्रॅकच्या यंत्राविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याची रचना कळल्याशिवाय तो आवाज कळत नाही.

टॅस्कॅमने १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ १४४ बाजारात आणला, तेव्हा साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारे ते पहिले यंत्र होते. आपल्या नेहमीच्या कॅसेटला दोन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला डावा-उजवा असे दोन ट्रॅक असतात. या यंत्राने कॅसेट उलटण्याची सोय काढून टाकली आणि ते चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरले. ती पट्टी चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते, तेव्हा प्रत्येक ट्रॅकच्या वाट्याला एक मिलिमीटरसुद्धा येत नाही. ट्रॅक जितका अरुंद, तितकी टेपची सरसर अधिक. त्यावर उतारा म्हणून या यंत्रात कॅसेट दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण साडेनऊ सेंटिमीटर या गतीने फिरवत. पुढे आलेली काही स्वस्त यंत्रे मात्र साध्याच गतीवर चालत.

खरी मेख पुढे आहे. ड्रम, दोन गिटार, बास आणि गायन हे चार ट्रॅकमध्ये मावत नाही. मग ड्रम आणि बास एकत्र करून दुसऱ्या ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे वाद्य मुद्रित करायचे, असा व्यवहार करावा लागतो. अशा प्रत्येक उतरवणीत वरच्या पट्टीतला थोडा आवाज झिजतो आणि सरसरीत नव्या सरसरीची भर पडते. शिवाय एकदा एकत्र केलेले परत वेगळे करता येत नाही, म्हणून ड्रम किती वर ठेवायचा याचा निर्णय गिटार वाजवण्याच्या आधीच घ्यावा लागतो. असे अल्बम ऐकताना काही वेळा ड्रम भलत्याच पातळीवर वाटतात, ते बहुधा यामुळे.

दुसरी बाब डिस्टॉर्शनची, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडण्याची. डेथ मेटलमध्ये गिटार खालच्या पट्टीत लावून बहुतांशी षड्ज-पंचमाची दोन स्वरांची कॉर्ड वाजवतात, त्यामुळे कितीही डिस्टॉर्शन दिले तरी ती घट्ट राहते. ब्लॅक मेटलमध्ये वरच्या तारांवर पूर्ण मायनर कॉर्ड वाजवतात, म्हणजे त्यात कोमल गंधारही आला. डिस्टॉर्शनमधून तीन स्वर एकदम गेले की त्यांच्या वारंवारितांच्या बेरजा-वजाबाक्यांतून मूळ कॉर्डमध्ये नसलेले स्वर निर्माण होतात आणि एक गढूळ थर तयार होतो. कुशल तंत्रज्ञ हा थर आवरण्यासाठी डिस्टॉर्शन कमी करील. या मंडळींनी ते वाढवले, खालचा बास काढून टाकला आणि वरून उजव्या हाताने अखंड ट्रेमोलो, म्हणजे तारेची भराभर छेड, वाजवला. मग गिटारचा वरचा भाग, झांजांचा आवाज आणि टेपची सरसर हे तिन्ही एकाच पट्टीत येऊन एकमेकांत मिसळतात, आणि आपला कान त्या मिश्रणातून चाल शोधत राहतो.

कोरडाढोल

हे सगळे वाचायला छान आहे, पण मला यात नंतर जोडलेले तत्त्वज्ञान अधिक दिसते. पैसे नव्हते, वाजवता येत नव्हते, यंत्र हलके होते; पुढे ते प्रसिद्ध झाले तेव्हा "आम्ही ठरवूनच केले" असे म्हणणे सोपे आहे. ढोलाची वादी सैल असेल तर आम्ही ती ताणतो, सैलपणाचे समर्थन करत नाही.

उत्तरवारा

कोरडाढोल, म्युटिलेशनच्या बाबतीत तुमचे म्हणणे मी बऱ्याच अंशी मान्य करीन. तिथे कौशल्याचा अभाव आणि हेतू यांच्यात रेघ ओढता येत नाही आणि ओढायची मला गरजही वाटत नाही. डार्कथ्रोनच्या बाबतीत मात्र हा आक्षेप टिकत नाही, कारण त्यांनी चांगला स्टुडिओ आधी वापरला आणि मग सोडला. असमर्थ माणूस हा क्रम उलटा करतो.

आणखी एक उदाहरण देतो. उल्व्हर या बँडचा 'नाटेन्स माद्रिगाल' (१९९७) सेंच्युरी मीडियासारख्या मोठ्या कंपनीने काढला. त्याच्या कर्कश आवाजामुळे अशी वदंता पसरली, की कंपनीचे पैसे उधळून बँडने जंगलात जाऊन मुद्रण केले. बँडने ती नंतर फेटाळली. मुद्रण स्टुडिओतच झाले होते. पण वदंता ऐकण्यापेक्षा अल्बमच ऐकावा. पहिल्याच गाण्यात मध्ये एक अकूस्टिक गिटारचा तुकडा येतो आणि तो अगदी स्वच्छ, प्रत्येक तार ऐकू येईल असा आहे. तो संपल्याक्षणी करवतीसारखा आवाज पुन्हा कोसळतो. ज्यांना स्वच्छ मुद्रण जमत नाही त्यांच्या अल्बमात असा तुकडा सापडणार नाही.

अवांतर : 'रॉ'च्या यादीत लोक मेहेमचा 'दे मिस्टेरीस डोम सॅथानास' (१९९४) सर्रास घालतात. तो बर्गनच्या ग्रीगहालेन या मोठ्या संगीतसभागृहात, पिट्टेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयरिक हुंडविन याच्या देखरेखीखाली मुद्रित झाला. एम्पररचा पहिला अल्बमही तिथलाच. त्या ड्रममागे जो अवकाश ऐकू येतो, तो एडवर्ड ग्रीगच्या नावाच्या प्रेक्षागृहाचा आहे. तो आवाज थंड आहे, भव्य आहे, पण रॉ नाही. बर्झमचा 'फिलोसोफेम'ही याच पिट्टेनच्या हाताखालचा, हे लक्षात घेतले की त्यातली खराबी किती विचारपूर्वक आहे ते पटावे.

जोडषड्ज

मी मेटलचा श्रोता नाही. माझे कान शास्त्रीय संगीतावर पोसलेले आहेत, आणि मुलाच्या आग्रहावरून यातली काही गाणी ऐकली. वेग आणि किंकाळ्या यांच्याशी माझे जमले नाही, परंतु चारपट्टी यांनी वर्णिलेल्या त्या गढूळ थराविषयी लिहावेसे वाटले.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. दोरा नसेल तर तार नुसती टणत्कारते. दोरा योग्य जागी आला की तीच तार झणकारू लागते आणि तिच्यातून छेडलेल्या स्वरापेक्षा कितीतरी वरचे स्वयंभू स्वर उमटतात. मिरजेचे कारागीर त्या सुतासाठी तासचे तास घालवतात. म्हणजे तारेच्या कंपनात मुद्दाम आणलेला तो एक अडथळाच असतो. 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' ऐकताना मला सुरुवातीला निव्वळ गोंगाट वाटला, पण आवाज कमी करून ऐकल्यावर त्या गोंगाटाच्या वर कोणीही न वाजवलेली एक चाल तरळताना ऐकू आली. ती गिटारच्या उपस्वरांतून येत असावी. फरक एवढाच, की तंबोरा गाण्याला आधार देतो आणि इथे आधार हेच गाणे आहे. त्यावर कोणी राग मांडायला येत नाही. त्यामुळे काही वेळाने माझी उत्सुकता संपली.

चारपट्टी

जोडषड्ज, तुम्ही म्हणता ती वरची चाल खरी आहे, आणि ती ऐकण्यासाठी आवाज कमी ठेवणे हाच उपाय आहे. बहुतेक चाहते उलट करतात.

दक्षिणध्रुव

सगळी चर्चा उत्तरेतच अडकलेली दिसते, म्हणून थोडी खाली आणतो. ब्राझीलमधील बेलो होरिझॉन्ते येथील सार्कोफागो या बँडचा 'आय.एन.आर.आय.' १९८७ साली कोगुमेलो या स्थानिक कंपनीने काढला. सेपल्चुरा या बँडमधून बाहेर पडलेला वॅग्नर हा त्याचा गायक. ड्रमचा तो सुसाट ब्लास्ट बीट नॉर्वेच्या मंडळींनी ऐकण्याआधी तिथे वाजत होता आणि मुखपृष्ठावरील दफनभूमीतला फोटो, रंगवलेले चेहरे, गोळ्यांचे पट्टे हा सगळा साज युरॉनिमसच्या फार आवडीचा होता. कोलंबियातील मेदेयीनच्या पॅराबेलमचा 'साक्रिलेहियो'ही त्याच वर्षीचा. तो ऐकल्यावर 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' अगदी शिस्तीचा वाटू लागतो. गिटार कुठे संपते आणि पडघम कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. मेदेयीन त्या दशकात अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या हिंसाचाराने होरपळत होते. तिथल्या पोरांना थंडी आणि जंगल यांचे कल्पनाचित्र रंगवण्याची गरज नव्हती. नॉर्वेतील खरखर ही सुस्थितीतल्या समाजातील मुलांनी निवडलेली होती, आणि दक्षिण अमेरिकेतली परिस्थितीने लादलेली. दोन्हींना एकच 'रॉ' हे लेबल लावणे मला अन्यायाचे वाटते.

निळीशाई

चर्चा रंगली आहे, पण एका गोष्टीला कोणीच हात घातलेला नाही. उत्तरवारा यांनी ज्या 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'चे एवढे बारकाईने वर्णन केले, त्याच्या मूळ आवृत्तीच्या मागच्या बाजूला 'नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल' अशा अर्थाचे शब्द छापलेले होते. सोबतच्या निवेदनात 'ज्यू' हा शब्द शिवीसारखा वापरला होता, आणि चार गाण्यांचे शब्द व्हर्ग विकर्नेसचे होते. बँडने नंतर माफी मागितली आणि पुढच्या आवृत्त्यांतून ते शब्द काढले गेले, हे खरे. पण विकर्नेसच्या वंशवादी भूमिकेत तशी माघार कधी आली नाही. आजही या पोटप्रकारात उघड नाझी विचारांचे बँड आहेत आणि मोजक्या प्रतींच्या कॅसेट, टोपणनावे, धूसर मुखपृष्ठे या पडद्यामागे ते सहज खपून जातात. आवाजाच्या पोताविषयी तासन्‌तास बोलणारे चाहते या प्रश्नावर एकदम मौनात जातात, ते मला खटकते.

उत्तरवारा

निळीशाई, हे मी पहिल्याच लेखात लिहायला हवे होते असे तुम्ही म्हणालात तर ते योग्यच ठरेल. माझा स्वतःचा व्यवहार असा आहे : इतिहास समजण्यासाठी बर्झम ऐकतो, त्याच्याविषयी लिहितो, पण ज्याच्या खरेदीचे पैसे अशा माणसाच्या किंवा कंपनीच्या हाती पडतील ते विकत घेत नाही, आणि हल्लीच्या अनोळखी बँडची कॅसेट मागवण्याआधी ती काढणाऱ्या कंपनीची बाकीची यादी पाहतो. यादी बघितली की बहुधा कळते. संगीत आणि माणूस वेगळे ठेवावेत हे तत्त्व मला इथे पुरेसे वाटत नाही, कारण या संगीताने स्वतःच आपली विचारसरणी आवाजाइतकीच मिरवली. तरीही डार्कथ्रोनचा तो ठेका त्या छापील ओळीमुळे रचला गेला, असे मला म्हणता येत नाही.

हार्बरलाइन

आपल्याकडचा उल्लेख राहिला म्हणून भर घालतो. मुंबईत ब्लॅक मेटलचे नाव घेतले की डेमॉनिक रिझरेक्शन आठवतो, पण २००० साली सुरू झालेल्या या बँडचा आवाज कीबोर्डने भरलेला, भव्य आणि स्वच्छ आहे. या धाग्यात तो बसत नाही. मुंबईचाच सोलर डीटी त्या मानाने जुन्या नॉर्वेजियन वळणाचा. खरा गोंगाट कोलकात्यात आहे. टेट्राग्रॅमासाइडचा 'प्रायमल इन्सिनरेटर्स ऑफ मॉरल मॅट्रिक्स' (२०१७) ऐकावा : त्यात गिटार जवळपास नॉइजमध्ये विरघळलेली आहे. तिथलाच हीदन बीस्ट आपल्या देशातील धर्माच्या नावाने चालणाऱ्या हिंसेवर गाणी लिहितो. निळीशाई यांच्या प्रश्नाला यातून एक वेगळे उत्तर मिळू शकते, कारण तोच आवाज इथे नेमक्या विरुद्ध हेतूने वापरलेला आहे.

बाकी हल्लीच्या 'रॉ' लाटेविषयी माझे मत फारसे बरे नाही. संगणकावर मुद्रण करायचे, मग टेपच्या सरसरीची नक्कल करणारे प्लगइन लावायचे, पन्नास कॅसेट काढायच्या आणि त्या संपल्या की दुय्यम बाजारात त्यांचे भाव चढलेले पाहायचे, हा आता ठरून गेलेला रिवाज आहे. पोर्तुगालच्या ब्लॅक सिलिससारखे काही अपवाद आहेत. त्याची गाणी धुक्यातून ऐकू येतात, पण धुक्याच्या आत खरेच कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडत असते. बाकीच्यांकडे बहुतेक वेळा नुसते धुके असते.

चारपट्टी

हार्बरलाइन यांच्या प्लगइनच्या मुद्द्याला तांत्रिक जोड देतो. टेपवरची खरी सरसर संगीताच्या खाली सतत असते, पण आवाज खूप वर चढला की टेप तो दाबते आणि झांजेचा कडकपणा बोथट होतो. हे दोन्ही परिणाम एकमेकांना धरून घडतात. प्लगइनमध्ये पुष्कळदा सरसर वेगळी मिसळली जाते आणि झांज तशीच धारदार राहते, त्यामुळे कानाला शंका येते.

याच्याशी निगडित आणखी एक बाब आहे. आपल्यापैकी अनेकांनी हे अल्बम पहिल्यांदा ऐकले ते सायबर कॅफेतून उतरवलेल्या, १२८ केबीपीएसच्या एमपी-३ फाइलींतून. एमपी-३ ची पद्धत नेमकी अशाच संगीतापुढे हात टेकते. एकट्या बासरीच्या आवाजाचा आकार छोटा करणे सोपे असते, कारण त्यात ठरावीक, अंदाज बांधता येण्याजोगे स्वर असतात. गोंगाटात काहीच अंदाज बांधता येत नाही, म्हणून फाइलीला मोजके बिट दिले की झांजा आणि गिटार पाण्याखालून आल्यासारखी बुडबुडू लागतात. तो बुडबुडा डार्कथ्रोनने मुद्रित केलेला नाही. ज्यांनी या अल्बमांना कंटाळून सोडून दिले त्यांनी एकदा चांगल्या सीडीवरून ऐकावे. खरखर तीच राहील, पण तिला दाणा आलेला असेल.

नंतर पुन्हा काढलेल्या काही आवृत्त्यांविषयी मात्र सावध राहावे. आवाज मोठा वाटावा म्हणून त्यांची पातळी इतकी वर रेटतात, की आधीच सपाट असलेले संगीत आणखी चेपले जाते. शक्य असेल तिथे जुनी आवृत्ती पाहावी.

पहिलीपायरी

मी या प्रकाराला नवीन आहे. इथली नावे वाचून दडपण आले. कोणत्या क्रमाने ऐकावे, ते कोणी सांगेल का?

उत्तरवारा

पहिलीपायरी, सर्वांत कर्कश अल्बमापासून सुरुवात करून स्वतःची परीक्षा पाहण्याची काही गरज नाही. आधी बॅथरीचा 'अंडर द साइन ऑफ द ब्लॅक मार्क' घ्यावा, त्यात गाण्यांना ओळखीचा आकार आहे. मग 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' ऐकावा. डेथ मेटलच्या काही रिफ त्यात अजून शिल्लक आहेत, त्यामुळे पूल ओलांडणे सोपे जाते. तो पचला की 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' एका बैठकीत, मध्ये न थांबता ऐकावा, कारण गाणी सुटी केली की एकसारखीच वाटतात. त्यानंतर स्वित्झर्लंडच्या पेइसाज दिव्हेरचा त्याच नावाचा १९९९ चा डेमो ऐकावा. एकाच माणसाने केलेल्या त्या तीन लांबलचक गाण्यांत गिटारने हिमवादळाची जागा घेतलेली आहे. म्युटिलेशन आणि टेट्राग्रॅमासाइड सर्वांत शेवटी. इल्डयार्नचे नाव इथे कोणी घेतले नाही, ते मी मुद्दाम घेतो : एक-दोन मिनिटांचे, पंकसारखे, एकाच वळणावर घुटमळणारे तुकडे आहेत. ते आवडले तर तुमच्या चवीत कायमचा बिघाड झाला असे समजावे.

कोरडाढोल

वादाला पुरावा हवा म्हणून 'फिलोसोफेम' चांगल्या हेडफोनवर ऐकला. पहिले गाणे मान्य आहे. त्यात ड्रम खरोखर नीट मुद्रित केलेला आहे आणि गिटार त्याच्याशी मुद्दाम फटकून वागते. 'नाटेन्स माद्रिगाल'मधला तो स्वच्छ तुकडाही ऐकला आणि त्याबाबत माझा आक्षेप मागे घेतो. पण 'फिलोसोफेम'मधले ते पंचवीस मिनिटांचे सिंथेसायझरचे प्रकरण ऐकून घेणे मला शक्य झाले नाही. त्यात खरखरही नाही आणि गाणेही नाही.

चारपट्टी

त्या पंचवीस मिनिटांचे समर्थन मीही करणार नाही. ते वगळून पुढच्या गाण्यावर जावे, अल्बम बिघडत नाही.

जोडषड्ज

मी मात्र फक्त तेच ऐकले आणि मला तेवढेच आवडले.